हातातली पानं पिकतात तेव्हा : बातेन काइतोस आणि आमचं अडलेलं गाडं

सांजवेळ
३ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण मदत हवी आहे आणि सांगायचंही बरंच आहे.

दिवाळीत भाऊ दुबईहून आला तेव्हा त्याने लेकीसाठी (वय ११) निन्टेंडो स्विच हे गेम खेळायचं यंत्र आणलं. मार्चमध्ये तिची परीक्षा संपल्यावर आम्ही त्यावरचा बातेन काइतोस हा गेम घेतला, २०२३ साली आलेली नवी आवृत्ती. एकाच डब्यात दोन्ही भाग आहेत, आम्ही पहिला खेळतोय. गेल्या आठवड्यात आई येवल्याहून सुट्टीसाठी आली. आईचं रमीचं वेड पन्नास वर्षांचं आहे. टीव्हीवर पत्ते उडताना दिसले तशी ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि "हे काय, कुठलं पान टाकलंस तू?" म्हणत खुर्ची ओढून बसली. तेव्हापासून आम्ही तिघी खेळतोय. लेक इंग्रजी ओळी वाचून आजीला मराठीत सांगते, आई पानं सुचवते, कंट्रोलर माझ्या हातात.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समुद्र नाहीसा झालेल्या जगात माणसं आकाशात तरंगणाऱ्या बेटांवर राहतात. प्रत्येकाला पंख आहेत. नायक कालास, त्याला एकच पंख, दुसरा यंत्राचा. या जगात वस्तूचं सत्त्व पत्त्यात साठवता येतं, त्याला मॅग्नस म्हणतात. तलवार म्हणजे पत्ता, चिलखत म्हणजे पत्ता, केळंही पत्ताच. लढाईत तुमच्या डेकमधून, म्हणजे निवडून लावलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यातून, पानं हातात येतात आणि ती टाकून वार, बचाव, औषधपाणी करायचं. आणि सगळ्यात विलक्षण गोष्ट : पत्त्यातल्या वस्तू काळाप्रमाणे बदलतात. हिरवं केळं पिकतं, मग कुजतं.

आमचं गाडं तिथेच अडलंय. जाकोमो, आयमे आणि फोलोन हे त्रिकूट एकदम अंगावर येतं. सहा वेळा हरलो. मी मोठ्या लढाईसाठी म्हणून फळं, खाणं सगळं राखून ठेवलं होतं, वाटेत एकही वापरलं नाही. लढाई सुरू झाली आणि पाहते तर निम्मी फळं सडलेली. आई तेव्हापासून एकच वाक्य म्हणतेय, "माळ्यावर ठेवलेले आंबे असे विसरायचे नसतात गं."

काय चुकतंय? कृपया कथेचा पुढचा भाग फोडू नका, लेक हे वाचणार आहे.

---

अर्धापंख
३ मे, रात्री ११:२५

सांजवेळताई, धागा वाचून फार बरं वाटलं. हा गेम मी २००५ साली गेमक्यूबवर (निन्टेंडोचं जुनं यंत्र) खेळलो होतो, दोन तबकड्यांवर यायचा. विद्यार्थी होतो, खोलीत चौघांत एक टीव्ही. मराठीत यावर कुणी लिहील असं कधी वाटलं नव्हतं.

आधी एक साधा प्रश्न. देवळात, म्हणजे त्या चर्चमध्ये, शेवटचं कधी गेला होतात? लढाया जिंकून मिळालेला अनुभव आपोआप अंगी लागत नाही. निळ्या फुलापाशी गेलं की तिथून चर्चमध्ये जाता येतं, तिथे प्रार्थना केली की पातळी वाढते. लाल फुलापाशी नुसता खेळ साठवता येतो. नवे खेळाडू लाल फुलांवर साठवत साठवत पुढे जातात आणि कमावलेला अनुभव तसाच पडून राहतो.

---

सांजवेळ
३ मे, रात्री ११:४१

अर्धापंखदादा, आत्ता जाऊन पाहिलं. कालासच्या तीन पातळ्या साचून राहिल्या होत्या, त्याचा साथीदार गिबारी, त्याच्याही तीन! निळं फूल बरंच मागे होतं म्हणून जायचा कंटाळा केला होता. लेक झोपली आहे, सकाळी तिला सांगते.

---

गणितमास्तर
४ मे, सकाळी ७:१०

पातळ्या वाढल्या की थोडं सोपं होईल, पण खरा प्रश्न डेकचा दिसतोय. तुमच्या डेकमध्ये किती पानं आहेत आणि त्यात औषधं किती, ते सांगाल का? तोवर हिशेब मांडतो, कारण हाच हिशेब बहुतेकांचा चुकतो.

समजा डेकमध्ये २० पानं आहेत, त्यात ४ औषधाची. आणि हातात ५ पानं आली असं धरू. पाचांत एकही औषध नसण्याची शक्यता साधारण २८ टक्के. म्हणजे चारात एकदा तुम्ही औषधावाचून राहता, ते चालण्यासारखं आहे. आता पात्राचा वर्ग (दर्जा) वाढला, डेक मोठा झाला, ४० पानांचा. तुम्ही नव्या जागांत हौसेने तलवारीच भरल्या, औषधं ४ च राहिली. तर तीच शक्यता ५७ टक्क्यांवर जाते. निम्म्याहून जास्त वेळा हात कोरडा. औषधं ८ केलीत की पुन्हा ३१ टक्क्यांवर येता.

या गेममध्ये डेक पुढे साठ पानांपर्यंत वाढतो. दर वाढीला वार, बचाव आणि औषध यांचं प्रमाण नव्याने बघावं लागतं. भाजी दुप्पट केली की मीठही वाढवतो ना, तसंच.

बचावाची पानं कमी ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. शत्रूची पाळी असते तेव्हाही तुम्ही पानं टाकता, आणि तेव्हा हातात पाचही तलवारी असतील तर काही उपयोग नाही.

---

सांजवेळ
४ मे, सकाळी ९:३०

मास्तर, मोजलं. कालासच्या डेकमध्ये ३५ पानं. बचावाची ६, औषधाची ४, त्यातली २ सडलेली. बाकी सगळे वार.

आईला तुमचा हिशेब वाचून दाखवला. तिने टक्केवारी ऐकली नाही, पण म्हणाली, "बरोबर आहे. नुसती चित्रं धरून बसलीस तर हात कसा लागणार?" रमीत ती तेच करते. राजा-राणीचा मोह पहिल्या दोन फेऱ्यांत सोडून देते.

---

मनोरावासी
४ मे, दुपारी १:१५

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. बातेन काइतोस सुंदर आहे, पण पत्त्यांचा खेळ म्हणून मला तो सैल वाटला. डेक मोठा होत जाणं हे बक्षीस कसं? मी स्ले द स्पायर हा दुसरा पत्त्यांचा गेम खेळतो, पीएस ४ वर, २०१९ पासून. तिथे पहिल्या पात्राचा डेक दहा पानांचा असतो : पाच वार, चार बचाव, एक जोरदार ठोसा. दर पाळीला पाच पानं हातात, तीन एकक ऊर्जा. म्हणजे दोन पाळ्यांत पूर्ण डेक डोळ्यांखालून जातो. आणि दुकानात पैसे मोजून पान काढून टाकता येतं. पहिल्यांदा ७५ नाणी, पुढच्या वेळी १००, मग १२५. आपलंच पान फेकायला पैसे द्यायचे, आणि अनुभवी खेळाडू ते आनंदाने देतो, कारण डेक जितका बारीक तितकं हवं ते पान लवकर येतं. मला तिथे कळलं की नको असलेलं पान नाकारणं हेच सगळ्यात मोठं कौशल्य आहे. लढाई जिंकल्यावर तीन पानं समोर येतात आणि 'एकही नको' म्हणायचीही सोय असते. सुरुवातीला मी दर वेळी एक उचलायचो. आता तीनांतल्या दोन वेळा काहीच उचलत नाही.

बातेन काइतोसमध्ये हजारावर मॅग्नस आहेत आणि खेळाडू ते जमवत राहतो. जमवणं आणि खेळणं यांत फरक आहे.

---

अर्धापंख
४ मे, दुपारी २:५०

मनोरावासी, तुमचं म्हणणं स्ले द स्पायरपुरतं शंभर टक्के पटतं. पण दोन्हींची जात वेगळी आहे. तिथे हरलात की डेकसकट सगळं संपतं, पुन्हा पहिल्या मजल्यापासून. इथे तोच डेक तुम्ही चाळीस-पन्नास तास वाढवता. शिवाय इथे पानं संपली की पुन्हा पिसण्यात त्या पात्राची पाळी जाते, त्यामुळे फार बारीक डेक उलट अंगाशी येतो.

आणि नाकारणं इथेही आहे, फक्त ते काळ तुमच्यासाठी करतो. फळ कुजलं की ते औषध राहत नाही. मग ते डेकमध्ये ठेवायचं का, शत्रूवर फेकायचं का, की काढून टाकायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. मी हा गेम पहिल्यांदा खेळताना चांगली पानं जपून ठेवायचो. सगळेच गेम तसे खेळायचो. शेवटच्या लढाईपर्यंत झोळीत नव्याण्णव औषधं आणि एकही वापरलेलं नाही, अशी माझी सवय. या एका गेमने ती मोडली. ताईंच्या आईंचं आंब्यांचं वाक्य वाचलं आणि एकदम तो काळ आठवला.

एक गंमत सांगतो. यात शॅम्पूचा एक पत्ता आहे. तो बदलून सुंदर केसांचा पत्ता व्हायला ३३६ तास लागतात. पूर्ण चौदा दिवस, तेही गेम चालू असताना. जगभरात जे लोक सगळे पत्ते जमवून गेम शंभर टक्के पूर्ण करण्याची शर्यत लावतात, त्यांना हे तास थांबावंच लागतं. कितीही निष्णात असलात तरी केस वाढायला लागतो तेवढा वेळ लागतो. कुणीतरी बसून हे ठरवलं याचं मला आजही नवल वाटतं.

---

मनोरावासी
४ मे, दुपारी ३:३०

शॅम्पूचं माहीत नव्हतं. हे मात्र आवडलं. माझा मूळ मुद्दा कायम आहे, पण गेम पुन्हा काढून बघेन.

---

पाऊलखूण
४ मे, संध्याकाळी ६:०५

सांजवेळ, तू पानं कोणत्या तत्त्वाची एकत्र टाकतेस ते बघ. मी सुरुवातीला हातात आलेलं जे ते टाकत होते. आग आणि पाणी, उजेड आणि अंधार, वारा आणि काळ अशा विरुद्ध जोड्या आहेत. एकाच पाळीत आगीची तलवार आणि बर्फाची तलवार दोन्ही टाकल्यास तर ती एकमेकींना खातात. आगीचे ६० आणि पाण्याचे ४० झाले तर शत्रूला शंभर नाही, फक्त २० लागतात. दिसायला भलंमोठं आक्रमण आणि हाती वीस.

म्हणून एका पात्राला एक बाजू ठरवून दे. एकाच्या डेकमध्ये आग आणि उजेड ठेवलेस की पाणी आणि अंधार दुसऱ्याकडे.

पानांच्या कोपऱ्यातले आकडे बघतेस ना? सारख्या आकड्यांच्या जोड्या किंवा चढत्या-उतरत्या क्रमाने आकडे लागले की वरून टक्के मिळतात, बचावातही. हे काम आईंना दे.

---

सांजवेळ
४ मे, रात्री ११:००

पाऊलखूण, हे काम आईने आधीच घेतलंय! आज संध्याकाळी आम्ही सरावाला साध्या लढाया केल्या. ती बसल्या बसल्या "तीन, चार, पाच, सहा, टाक, टाक!" म्हणत होती. रमीत रंग जुळावा लागतो, इथे फक्त आकडा, त्यामुळे तिला हे सोपं वाटतं. आकडे निवडायला वेळ थोडा मिळतो आणि माझी बोटं अजून अडखळतात. ती ओरडते ते पान माझ्या बोटाला पोचेपर्यंत संधी जाते. पण एकदा आमचा पाच पानांचा क्रम लागला आणि तिघी उभ्या राहून टाळ्या वाजवल्या.

तत्त्वांचं मात्र आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. कालासच्या डेकमध्ये सहाही होती.

लेकीला विचारायचंय : पैसे कसे मिळवायचे? शत्रू काहीच देत नाहीत.

---

पाऊलखूण
४ मे, रात्री ११:२०

कॅमेरा! डेकमध्ये कॅमेऱ्याचा एखादा पत्ता ठेवायचा. लढाईत तो टाकला की शत्रूचा फोटो निघतो. तो लगेच विकू नका. फोटो धुऊन तयार व्हायला वेळ लागतो, झाला की दुकानात चांगली किंमत येते. मोठ्या शत्रूंचे फोटो जास्त किमतीला जातात. त्रिकुटाचे काढ, लेकीला सांग.

---

आकाशवेडा
५ मे, सकाळी ६:४०

पत्त्यांबद्दल मला फार कळत नाही, पण भाच्याच्या घरी हा गेम पाहिला आणि नावं वाचून थबकलो. तुमच्या लेकीला सांगा, या गेममधली बहुतेक नावं आकाशातली आहेत.

बातेन काइतोस हे तिमिंगल तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अरबी नाव, अर्थ देवमाशाचं पोट. मीरा हे गेममधलं बेट आहे ना? मीराही त्याच तिमिंगलातला तारा, आणि तो फार प्रसिद्ध आहे. सुमारे अकरा महिन्यांच्या चक्रात तो नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. अल्फार्ड हा वासुकीतला तारा, त्याच्या आसपास ठळक तारे नाहीत म्हणून अरबीत त्याला 'एकटा' म्हणतात. गेममध्ये साम्राज्याचं नाव अल्फार्ड ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं असावं. सदलसूद कुंभ राशीत आहे, डायडेम अरुंधती केशात. अनुएनुए मात्र तारा नाही, हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ इंद्रधनुष्य.

आत्ता मे महिन्यात रात्री आठ-साडेआठला नैऋत्येकडे बऱ्यापैकी उंचीवर अल्फार्ड दिसेल. लालसर, खरंच एकटा. तिमिंगल बघायला हिवाळ्यापर्यंत थांबावं लागेल.

---

सांजवेळ
५ मे, रात्री ९:१५

आकाशवेडा, आत्ताच गच्चीवरून खाली आलो. दिसला! नाशिकच्या उजेडातही दिसला. लेकीने वहीत काढून घेतलाय आणि शेजारी लिहिलंय, "इथे ल्यूद राहतो." (ल्यूद हा साम्राज्यातून आलेला आमचा साथीदार, तुतारीची बंदूक वापरतो.)

---

दर्यावर्दी
६ मे, पहाटे ३:५०

मी व्यापारी जहाजावर इंजिन विभागात आहे. हा धागा काल बंदरात नेट मिळालं तेव्हा पाहिला, उत्तर आत्ता पाळी संपवून लिहितोय.

हा गेम मी गेल्या वर्षी सहा महिन्यांच्या करारात खेळलो. केबिनमध्ये, स्विच हातात धरून. त्यातल्या लोकांसाठी समुद्र ही गोष्टीतली वस्तू आहे. कुणी पाहिलेला नाही. ढगांवरून नावा हाकतात, गिबारी वल्हं घेऊन लढतो, तो कोळी आहे, पण पाण्याचा समुद्र त्याच्या आजोबानेही पाहिलेला नाही. आणि मी ते वाचत असताना खिडकीबाहेर चारी बाजूंना पाणीच पाणी. बारा दिवस जमीन दिसली नव्हती.

मला तो गेम दुसऱ्या कुठे खेळून इतका लागला नसता. मी रोज ज्याला कंटाळतो त्याची ती माणसं आठवण काढत होती, न पाहिलेल्याची आठवण. एका रात्री गेम बंद करून डेकवर जाऊन उभा राहिलो. जहाजाच्या डेकवर. तासभर होतो.

तुम्ही खेळाडू म्हणून त्या जगात कुणी पात्र नसता, हेही मला आवडलं. तुम्ही कालासच्या सोबतीचा अदृश्य आत्मा असता. तो मधूनच तुमच्याकडे वळून विचारतो, तुला काय वाटतं? घरापासून लांब असताना कुणी असं विचारलं, भले पडद्यावरून का होईना, तर बरं वाटतं. तुमच्या उत्तरांवर त्याचं तुमच्याशी किती जमतं ते ठरतं, आणि जमलं तर लढाईत अवचित मदतीचं पान येतं.

ताई, आईंना नमस्कार सांगा.

---

सांजवेळ
६ मे, सकाळी १०:२०

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद नाश्त्याच्या वेळी मोठ्याने वाचला. आई बराच वेळ काही बोलली नाही. माझे मामा मुंबई बंदरात कामाला होते. मग म्हणाली, "त्यांना लिही, सुखरूप या."

---

माडाची सावली
६ मे, दुपारी १२:३०

सावंतवाडीहून लिहितेय. 'पत्त्यात काळ' हे वाचून राहवलं नाही.

आमच्याकडचा गंजिफा माहीत असेल. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेचं काम. राजवाड्यात आजही कारागीर रंगवतात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला मरता मरता वाचवली. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, म्हणजे एकच आकडा एका रंगात वरचढ आणि दुसऱ्यात तळाला.

आणि आता काळाचं. दिवसा खेळायला बसलात तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री बसलात तर कृष्णाच्या. सूर्य मावळला की पत्त्यांचा मान बदलतो. माझ्या आजीने शिकवलं तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता हा धागा वाचताना वाटतंय, पत्त्याची किंमत घड्याळावर ठरवणं ही कल्पना आमच्या ओसरीवर किती जुनी आहे.

---

योकोहामाकर
६ मे, संध्याकाळी ५:४५

माडाची सावली, फार सुंदर माहिती. इथे जपानमध्येही पत्त्यात ऋतू आहेत. हानाफुदा नावाचे छोटे जाड पत्ते, एकूण ४८, बारा महिन्यांचे चार-चार. जानेवारीला पाइन, मार्चला साकुरा, ऑगस्टला चंद्र. आकडे लिहिलेलेच नसतात, फुलं ओळखायची. निन्टेंडोची सुरुवात याच पत्त्यांपासून झाली, १८८९ साली क्योतोत, यामाउची फुसाजिरो यांनी. पत्त्यांना इथे 'कारुता' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरून आलाय.

बातेन काइतोस बनवला मोनोलिथ सॉफ्ट आणि ट्राय-क्रेसेंडो यांनी, इथे तो डिसेंबर २००३ मध्ये नामकोने काढला. संगीत साकुराबा मोतोई यांचं. लढाईच्या संगीतातलं व्हायोलिन ऐकलंत का? हेडफोन लावून एकदा ऐका. नव्या आवृत्तीत आवाज फक्त जपानी ठेवलेत, इंग्रजी काढून टाकले. काही लोक नाराज झाले, पण जुन्या इंग्रजी आवाजात डबक्यातून बोलल्यासारखी माणसं बोलायची, मला ते गेल्याचं दुःख नाही.

---

अर्धापंख
६ मे, संध्याकाळी ७:००

मला आहे थोडं दुःख. डबक्यातले असले तरी माझ्या विशीतले आवाज होते ते.

सांजवेळताई, त्रिकुटाचं काय झालं?

---

सांजवेळ
७ मे, रात्री ११:५५

झालं! सगळं सांगते.

काल दिवसभर आम्ही लढलोच नाही. डेक लावत बसलो. जमिनीवर चटई टाकून लेकीने प्रत्येक पत्त्याची चिठ्ठी केली, कारण आईला पडद्यावर बघून सुचत नाही, हातात धरून लावायची सवय. तिने कालासच्या चिठ्ठ्या पिसल्या, पाच-पाच वाटल्या आणि प्रत्येक हात बघून सांगितलं, "हा जगेल", "हा मरेल". वीस हात वाटले, तेव्हा आठ मेले. मग एक-एक वार काढून बचाव आणि औषध घातलं, पुन्हा वाटले. शेवटी वीसात तीन मेले. मास्तर, आईने टक्केवारी न शिकता तुमचाच हिशेब केला असं मला वाटतं.

तत्त्वं वाटून दिली. कालासला आग आणि उजेड, शेला या साथीदारणीला पाणी, गिबारीला मुख्यतः चिलखत आणि औषधं, वार थोडेच. सडलेली फळं मी काढायला निघाले तर आई म्हणाली राहू दे दोन, फेकायला.

आणि मुख्य म्हणजे वाटेतल्या लढायांत पिकलेली फळं वापरून टाकली. मला जड गेलं. दर वेळी हात आखडायचा, वाटायचं पुढे लागेल. पण मोठ्या लढाईला पोचलो तेव्हा डेकमध्ये नुकतीच पिकलेली केळी होती, कारण हिरवी कधी घ्यायची ते लेकीने घड्याळ लावून ठरवलं होतं.

लढाई पंचवीस मिनिटं चालली. मधे शेला पडली. गिबारीच्या हातात नेमका औषधाचा पत्ता होता. शेवटची पाळी कालासची : हातात दोन उजेडाच्या तलवारी, एक आगीची, आणि एक सडलेलं फळ. आई म्हणाली, "तेही टाक." चारही आकडे ओळीत लागले.

शेजारच्या काकू विचारायला आल्या काय झालं म्हणून, इतका आरडाओरडा केला आम्ही.

---

गणितमास्तर
८ मे, सकाळी ७:०५

ताई, आईंनी केलं त्याला आमच्याकडे नमुना काढून अंदाज बांधणं म्हणतात. वीसच्या जागी दोनशे हात वाटले असते तर उत्तर सूत्राच्या अगदी जवळ आलं असतं. चिठ्ठ्या करून वाटण्याची ही रीत मी जूनमध्ये नववीच्या वर्गात वापरणार आहे. आईंची परवानगी असेल तर.

---

पाऊलखूण
८ मे, सकाळी ९:००

फोटो काढलात का??

---

सांजवेळ
८ मे, सकाळी ९:२०

मास्तर, आई म्हणाली, "पोरांना खुशाल शिकवा, पण पैसे लावून खेळू देऊ नका."

पाऊलखूण, जाकोमोचा निघाला, धुवायला ठेवलाय!

---

अर्धापंख
८ मे, रात्री १०:१०

अभिनंदन तिघींचं. आता पुढे मीरा बेटावर पार्नास नावाचं मिठाईचं गाव लागेल, तिथे घाई करू नका, आईंना सगळं दाखवा. आणि कुझमन नावाच्या म्हाताऱ्याला विसरू नका. त्याचं घराणं सगळ्या बेटांवर विखुरलंय, एकेका नातेवाइकाला शोधून वंशवृक्षावर सही घ्यायची असते. काही जण ठरावीक काळानंतर भेटत नाहीत, म्हणून जिथे जाल तिथे प्रत्येक माणसाशी बोला.

---

सांजवेळ
११ मे, रात्री १०:३०

अर्धापंखदादा, कुझमन सापडला आणि आता आईने मुख्य कथा बंद पाडली आहे. तिचे वडील आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला गावोगाव हिंडले होते, खांद्यावर पिशवी, आत वह्या. ती तेव्हा आठ वर्षांची, कधी कधी सोबत जायची. कुणी दार उघडायचं, कुणी नाही. हे मला आजवर माहीतच नव्हतं. काल कुझमनच्या एका नातेवाइकाची सही मिळाली तेव्हा खेळ थांबवून तिने दोन तास त्या प्रवासांचं सांगितलं. लेकीने त्याच वहीत उतरवून घेतलंय, अल्फार्डच्या पुढच्या पानावर.

मनोरावासी, तुम्ही गेम पुन्हा काढला का?

---

मनोरावासी
१२ मे, दुपारी १:४०

काढला. आठ तास झाले. डेक बारीकच ठेवायचा माझा हट्ट होता, तो अर्धापंख म्हणाले तसा पिसण्याच्या पाळीत दोनदा महागात पडला. आता प्रमाण बघून वाढवतोय. शॅम्पूही घेतलाय. ३२९ तास बाकी.

---

सांजवेळ
१२ मे, रात्री ९:५०

आमच्याकडेही शॅम्पू आहे! आई ३० तारखेला येवल्याला परत जाणार, तोवर केस काही वाढायचे नाहीत. पण ती रोज सकाळी स्विच चालू करून बघते की केळी कुठवर आलीत. आज दोन पिवळी झालीत. उद्या संध्याकाळी वापरायची असं ठरलंय.